हाडावरचं 'झन्'

गुआंगशू सम्राटाची राजवट, वर्ष बत्तिसावं. सातवा महिना, तिसरा दिवस

दगड आला! बैलगाड्या गल्लीच्या तोंडाशीच अडकल्यात. निष्ठावान विधवेच्या सन्मानाची कमान, तिचा दगड — माझ्या कमानीचा! सहा वर्षांपूर्वी नवरा वारला, मी दुसरं लग्न केलं नाही, म्हणून. पन्नाशीपर्यंत अशीच राहिले तर दरबार परवानगी देणार. मी चोवीस वर्षांची. मग दगडाची घाई आत्ताच कशाला?

पाचवा दिवस

दिवसभर मामंजींच्या खोलीत. त्यांनी विकत घेतलेल्या जुन्या, अक्षरं कोरलेल्या हाडांचे ठसे मी कागदावर काढत होते. ओला कागद हाडावर बसवायचा, सुकत आला की शाईची पुरचुंडी हलक्या हातानं थोपटायची. अक्षरं पांढरी राहतात, बाकी सगळं काळं. मामंजी म्हणतात, "सूनबाई, असा हात साऱ्या वेइश्येन गावात नाही." हाताचं कौतुक, पाय मात्र उंबऱ्याच्या आत!

जवळजवळ प्रत्येक हाडावर एक अक्षर, तीन पायांच्या भांड्यासारखं. 'झन्'. मी म्हटलं, "हे कमानीवर असतं तेच ना? पतीशी एकनिष्ठ?"

मामंजी हसले. "अगं, तीन हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ होता — विचारणं. हाड तापवायचं, तडा गेला की राजा त्यात उत्तर बघायचा. पाऊस पडेल का? दात दुखतोय, कुठल्या पूर्वजाचा कोप? राणी सुखरूप बाळंत होईल का?"

"मग विचारण्याची निष्ठा कशी झाली?"

"विचारलं, उत्तर मिळालं, की त्याला चिकटून राहायचं. हलायचं नाही."

मला कुणी विचारलं होतं? ओठांवर आलं होतं, गिळलं.

नववा दिवस

थोरले काका आले — कुळाचे प्रमुख. मी चहा घेऊन गेले तर पडद्याआडून त्यांचं बोलणं ऐकू आलं. "तिच्या पन्नाशीपर्यंत मी काय जगतोय? सहा वर्षं निष्ठेनं राहून सून वारली, तरी कमान मिळतेच की." मामंजी काहीच बोलले नाहीत. काहीच! दोन हाडं जुळत नाहीत म्हणून तासभर वाद घालणारा माणूस!

दहावा दिवस

मागच्या दाराला कुलूप. किल्ली सासूबाईंच्या कमरेला. त्या दाराबाहेर पायवाट, खाली नदी. तिथे माझा भाऊ होडी चालवतो.

चौदावा दिवस

माझे लाड चाललेत. अंडी, खजूर, गरम सूप. सहा वर्षं ज्वारीच्या पेजेवर काढली, आणि आता "खा गं, किती वाळलीस!"

सासूबाई निळं रेशीम शिवतायत. माझ्या मापाचा अंगरखा. हात लावून बघितला — कापडी बंद आहेत, गुंडी एकही नाही. बिनगुंडीचा अंगरखा जिवंत माणसाला घालत नाहीत. तो मढ्याचा.

पंधरावा दिवस

आज पितरांचा सण, कागदी नाणी जाळली. थोरले काका म्हणाले, "कमान उभी राहिली की तुझं नाव होईल, सूनबाई."

माझं नाव? ठाऊक तरी आहे का त्यांना? दगडावर येणार — छुई घराण्याची सून, माहेरची वेई. मी रुओलान आहे, रुओलान! इथे तरी लिहून ठेवते.

सतरावा दिवस

एक फुटकं हाड हाती आलं. प्रश्न शाबूत, उत्तराचा तुकडा गेलेला. बराच वेळ बघत बसले. राजासुद्धा विचारायचा! आणि मी? सहा वर्षांत एकदाही तोंड उघडलं नाही.

उठले. सासूबाई एकट्या शिवत होत्या. विचारलं, "आई, हा अंगरखा मी कधी घालायचा?"

सुई थांबली.

"आई, मला मारणार आहात का?"

"हळू बोल. भिंतींना कान असतात."

"मी विचारतेय."

त्यांनी मान वर केलीच नाही. सुई बोटात घुसली होती, रक्त रेशमावर. "जा, कामाला लाग," एवढंच म्हणाल्या. मूर्ख मी, विचारलंच कशाला!

अठरावा दिवस

जाग आली तर उशाशी अंगरखा. बंद उसवून टाकलेत. जागोजाग गुंड्या — लाल, जुन्या, सासूबाईंच्या लग्नातल्या अंगरख्याच्या.

गळ्याजवळच्या गुंडीला किल्ली बांधलीय.