वाळत्या झाडाचा बहर

रामाकोना, फेब्रुवारी १९५७

गुणवंतादादा,

तुझं नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपलं गाव मध्य प्रदेशात राहिलं, तेव्हापासून तुझं पत्र नाही. बाबा थट्टेने म्हणतात, "पोरगं परमुलखात गेलं."

विहिरीजवळचं, डिंक गळून अर्धं वाळलेलं संत्र्याचं झाड यंदा सगळ्या बागेत जास्त फुललं आहे. मरणारं झाड असंच फुलतं. महिनाभर अंथरुणाला खिळलेले बाबा काल आपणहून उठून बसले, भाकर मागून जेवले. मी नर्स आहे. शेवटच्या या हुशारीचा अर्थ मला कळतो. म्हणून तुला बोलवायला आज सकाळी लिहायला बसले.

बाबा हसले. "काऊन लिहून राहिली वो? गुणवंता त राती आला. त्या खाटीवर निजला होता. तू त्याले चहाबी नाही इचारला!"

कोपऱ्यातली खाट रिकामी होती. अशा रोग्यांना भास होतात, आधी गेलेली माणसं दिसतात. तरीही मी उठून चादर झटकायला गेले. चादरीत ऊब होती. त्या कोपऱ्यात ऊन येत नाही.

हे पत्र पेटीत टाकायला मन धजत नाही. बाबा जाणार, हे मी मनाशी धरलं आहे. पण तुझं उत्तर आलं नाही, तर?

तुझी बहीण,
वत्सला