गळे बघून गाणं

इंदिरानगर, नाशिक
९ मार्च १९८६

प्रिय मोतीराम,

'प्रिय' हा शब्द लिहायला मला दोन दिवस लागले, हे आधीच सांगते. तुझं बंगळूरचं पत्र शुक्रवारी आलं. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या क्वायरसाठी चाळीस गीतं निवडून, त्यांचं चार सुरांचं नोटेशन करून पुस्तक काढायचं काम तुझ्याकडे आलंय. अभिनंदन. गावाकडच्या गळ्यांना कुठली गीतं झेपतात ते मी कळवावं आणि दादांची निळ्या पुठ्ठ्याची वही रजिस्टर पोस्टानं पाठवावी, असं तू लिहिलंयस. चार पानांत आईसाठी एक ओळ आहे. 'आई बरी असेल.' पुढे प्रश्नचिन्हसुद्धा नाही. त्या ओळीचं उत्तर शेवटी देते. आधी बाकीचं.

वही मिळणार नाही. हरवलेली नाही, कसर लागलेली नाही, मी देत नाही. तुला वाटतं त्या वहीत गाणी आहेत. तू ती कधी उघडलीच नाहीस, मोती. त्यात गाणी नाहीत, माणसं आहेत. एकेका पानावर एकेक माणूस. तो कुठवर चढतो, कुठवर उतरतो, श्वास कुठे तुटतो. गेणूच्या पानावर दादांनी लिहिलंय, 'दमा. पावसाळ्यात लांब ओळ देऊ नये.' पुतळाबाईच्या पानावर, 'दवाखान्यात रात्रपाळी झाली असेल तर वरचा सूर मागू नये, ती नाही म्हणणार नाही.' हे तू कुठल्या नोटेशनमध्ये बसवणार?

दादा गाणं कसं निवडायचे ते तुला आठवतं का? मला आठवतं, कारण मी शाळेतून आले की त्यांच्या शेजारी बसून गाण्यांच्या प्रती काढायला मीच स्टेन्सिल कापायची. आधी ते शब्द मोठ्यानं वाचायचे, चालीशिवाय. मग चालीवर वाचायचे, आणि श्वास कुठे पडतो तिथे बोट ठेवायचे. एकदा पुनरुत्थानाच्या सणासाठी मला फार आवडलेलं एक गीत त्यांनी बाजूला सारलं. मी लेकीचा हट्ट केला, तेव्हा म्हणाले, "शकू, इथं श्वास 'तारणहार' शब्दाच्या मधे पडतोय. आधी 'तारण', मग सगळे दम घेणार, मग 'हार'. सणाच्या दिवशी देवळात उभं राहून हार झाली म्हणायचं?" उंच सुरावर 'ई' आली की बायांचा गळा चिमटतो म्हणून ते शब्द बदलायचे, 'आ' आणायचे. तरी जमलं नाही तर अख्खं गाणं दोन सूर खाली. मोठ्या मंडळीतले लोक हसायचे, सावळीराम मास्तरांची क्वायर बसून गाते म्हणून. दादा म्हणायचे, "बसून गाते, पण रडत नाही."

एकवीस माणसं होती. त्यांतल्या नऊ जणांना वाचता येत नव्हतं आणि त्या नवांत आपली आई होती. बायांमध्ये सगळ्यांत खालचा आवाज तिचा. बाकीच्या बाया मुख्य चाल म्हणायच्या आणि ती त्यांच्याखालून चालायची, घराखालच्या जोत्यासारखी. नसली तरच कळायचं. दादा तिला भाकऱ्या थापताना शिकवायचे. एक ओळ ते म्हणणार, एक ती, थापेच्या ठेक्यावर. त्रेसष्ट गीतांचा खालचा सूर तिला पाठ होता. नुसता खालचा. मुख्य चाल म्हण म्हटलं तर लाजायची. म्हणायची, "ती माझी नाय, ती बायांची हाय."

दादा शहात्तर साली गेले. तू मुंबईला चार वर्षं शिकून परत आला होतास. पाद्रीसाहेबांनी आणि पंचांनी क्वायर तुझ्या हाती दिली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद कुणाला झाला असेल? तिनं पेढे वाटले होते, मोती. द्वारकेपासून शरणपूर रोडपर्यंत ओळखीचं एक घर सोडलं नाही.

आणि मग सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये तुझं ते पार्सल आलं. विलायतेहून बोटीनं आलेलं, जाड पिवळसर कागदाचं, आठ भागांचं इंग्रजी गायन. नाताळात ते करायचं तू ठरवून टाकलंस. कोण गाणार हे ठरायच्या आधी. एका रविवारी भक्तीनंतर तू सगळ्यांना थांबवलंस आणि परीक्षा घेतलीस. प्रत्येकाच्या हातात पाच रेघांच्या नोटेशनचं पान, तू पेटीवर एक सूर देणार आणि त्यानं पुढचं वाचून म्हणायचं. गेणू उठूनच गेला. पुतळाबाई पान हातात न घेता म्हणाली, "आमाला वाचता येत नाय, पन येकदा म्हनून दाखव, मरस्तोवर इसरनार नाय." तू घड्याळ बघितलंस. मग तिनं जे सुनावलं ते मी रोज आठवते. "मास्तर आमचे गळे बघून गानं निवडायचे. तू गानं बघून गळे निवडतोयस, बाबा."

आईचा नंबर शेवटी होता. मला वाटलं होतं, तू तिला बोलावणारच नाहीस. इतकी अक्कल तुला असेल, असं मला खरंच वाटलं होतं. ती पुढे आली, पदर सारखा केला, पान दोन्ही हातांनी धरलं आणि तुझ्याकडे बघत राहिली. आणि तू, तिच्या पोटचा पोरगा, सगळ्यांसमोर म्हणालास, "आई, पान उलटं धरलंयस." लोक हसले. तूही हसलास. थट्टेनं म्हटलं, असं तू मला नंतर सांगितलंस. थट्टाच होती ती. म्हणून तर जास्त लागली.

तिनं पान सुलटं केलं, तुझ्या पेटीवर ठेवलं आणि जाऊन बाकावर बसली. घरी येऊन स्वयंपाक केला. तू बाहेर गेला होतास. मी तिच्याजवळ बसून काहीतरी बोलायला लागले, तर म्हणाली, "मोतीचं बराबर हाय. कागद उलटाच व्हता." एवढंच. त्या दिवसानंतर ती गायली नाही. क्वायरमध्ये नाही, हे तर झालंच. देवळात मंडळीबरोबरही नाही. सगळे गायला उभे राहिले की तीही उभी राहायची, ओठ मिटून. घरात भाकरी थापताना नुसता थापेचा आवाज. तुला हे ठाऊक होतं का? तू वर्षभर त्याच घरात जेवत होतास.

आता माझं. तुझ्यावर चिडून मी स्वच्छ राहू शकत नाही, म्हणून लिहिते. निवडलेल्या बारा जणांची यादी तू सांगत गेलास आणि मी लिहीत गेले. देवळाच्या दारावर लागली ती यादी माझ्या अक्षरात होती. आईचं नाव मी लिहिलं नाही. 'हे बरोबर नाही' एवढं तीन शब्दांचं वाक्य मला म्हणता आलं नाही, कारण बारांत माझं नाव पहिलं होतं. डिसेंबरात मी पांढरी साडी नेसून पुढच्या रांगेत उभी राहिले. वाईट झालं असतं तर बरं झालं असतं रे, पण झालं फार सुंदर. शेवटच्या भागात चारही सूर एकावर एक चढत गेले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आई तिसऱ्या बाकावर होती. तीही टाळ्या वाजवत होती, आणि शेजारच्या बाईला तुझ्याकडे बोट करून दाखवत होती.

आठ महिन्यांनी तू गेलास. त्या कार्यक्रमाच्या जोरावर तुला बंगळूरची जागा मिळाली, याचा मला राग नाही. माणसानं पुढे जावं. राग याचा आहे की वर जाऊन तू शिडी तिथेच टाकून दिलीस. तुझे वाचणारे बारा जण शिकलेले होते, त्यांच्या बदल्या झाल्या, लग्नं झाली, कुणी आखाताला गेलं. जी नऊ माणसं मरेपर्यंत नाशिक सोडणार नव्हती, तीच तू काढून टाकली होतीस. एक्क्याऐंशीच्या नाताळात आपल्या देवळात टेपरेकॉर्डर वाजला. मी पुतळाबाईच्या घरी दोनदा जाऊन विनवलं. म्हणाली, "आता गळ्याला गंज चढला, बाय." आणि आता तूच मला विचारतोस, गावाकडच्या गळ्यांना काय झेपतं! गावाकडचा गळा अशी वस्तू नसते, मोती. गेणूचा गळा असतो. पुतळाबाईचा असतो. पुस्तक काढ, चाळीस काय चारशे गीतं निवड, पण पहिल्या पानावर लिही की गाणं उघडण्याआधी समोर कोण बसलंय ते बघा. तेवढी एक ओळ दादांची म्हणून छाप, माझी परवानगी आहे.

आता तुझ्या त्या ओळीचं उत्तर. आई बरी नाही. सतरा फेब्रुवारीला, सोमवारी सकाळी, ओट्याशी उभी असताना ती उजव्या अंगावर कोसळली. अर्धांगवायू. बारा दिवस सिव्हिलमध्ये होती, आता घरी आणलंय. मी तुला तार केली नाही. मुद्दाम केली नाही. यासाठी तू माझ्यावर चिडलास तर तो तुझा हक्क आहे. डॉक्टर म्हणतात, हळूहळू पाय उचलेल, पण वाचा गेलीय. तिला सगळं समजतं, शब्द मात्र येत नाहीत. पाणी हवं असलं तरी 'ते, ते' म्हणते, आणि आपल्याला कळलं नाही की तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. गेल्या मंगळवारी संध्याकाळी मी तिचं अंग पुसत होते आणि ती गायला लागली. नऊ वर्षांनी. दादांचं ते सांजभक्तीचं गीत. तोंड वाकडं झालेलं, पण शब्द न् शब्द स्पष्ट. जिला 'पाणी' म्हणता येत नाही, ती 'दिवस कलला, सोबत दे रे' असं अख्खं कडवं गात होती. अर्थात खालचाच सूर. डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, असं होतं कधीकधी, बोलणं जातं पण गाणं राहतं. तिला गाऊ द्या, त्यातूनच एखादा शब्द परत येईल. मी पुतळाबाईला निरोप धाडला. ती आली, गेणूला घेऊन आली. आता रोज संध्याकाळी आम्ही तिच्या खाटेभोवती बसतो. मी मुख्य चाल म्हणते, पुतळाबाई मला साथ देते, गेणू खोकत खोकत खर्ज लावतो. पण तिसऱ्या ओळीला बाया थांबतात आणि टेनर, पुरुषांतला तुझा तो वरचा सूर, एकटा येतो. तिथे आई थांबते. डावा हात वर धरून, दाराकडे बघत. मी ती ओळ माझ्या पट्टीत म्हणून पाहिली, तिनं मान हलवली. गेणूनं म्हणून पाहिली, तरी मान हलवली. ती ओळ होईपर्यंत ती पुढे जात नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून करून घेत नाही. ती तुझी वाट बघतेय, असं मी लिहिणार नाही. मला ते ठाऊक नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं लिहिणार नाही. कदाचित तिला कुठलाही टेनर चालेल. पण आमच्याकडे टेनर नाही. तू निघून ये. माझा राग आहे तसाच आहे, त्याचं आपण नंतर निवांत बोलू. आधी घरात येऊन ती एक ओळ म्हण, म्हणजे तिला चौथी म्हणता येईल.

तुझीच, आणि अजून रागातच,
शकूताई