पिंपातलं इंजिन

लातूर, १२ ऑक्टोबर १९८२

परत उकळली! होडीचं इंजिन पाण्याच्या पिंपात बुडवून अर्धा तास चालवलं, तर बॅटरी आधणासारखी खदखदायला लागली. मल्लम्मा — आमची मंडळी — पदर नाकाला लावून बाहेर जाऊन बसली.

नवा जिल्हा झाला म्हणून कचेरीला पुरात वापरायची होडी मिळाली. जुनीच. पूर सोडा, यंदा नदीत म्हशीचे खूर भिजत नाहीत, म्हणून इंजिन घरी आणून पिंपात चालवायचं. आणि तिच्यावर ड्रायव्हर मी — का, तर ट्रॅक्टर चालवता येतो!

१५ ऑक्टोबर

अठ्ठावीसला वरचे साहेब तपासणीला येणार. बॅटरी उकळली तर होडी भंगारात आणि मी पुन्हा जुन्या मालकाच्या, किशनरावांच्या ट्रॅक्टरवर. नको रे महादेवा! तो माणूस डिझेलच्या टाकीत नाक घालून हिशेब विचारतो.

१८ ऑक्टोबर

नवी बॅटरी लावली. उकळली. वायरी बदलल्या. उकळली. मीटर लावला — इंजिन जोरात केलं की काटा पंधरा व्होल्टच्या पुढे.

टँकरचं पाणी इंजिनाला पाजतो म्हणून शेजारच्या धोंडाबाई गल्लीभर सांगत फिरतात. तेच तेलकट पाणी पहिल्यापासून पिंपात आहे, हे कोण ऐकतो!

२० ऑक्टोबर

उकळली.

२६ ऑक्टोबर, खंडेनवमी

इंजिनाची पूजा. ऐन वेळी लाईट गेली. अंधारात पूजा नको म्हणून मल्लम्मानं मला न विचारता किशनरावांकडून ट्रॅक्टरचे दोन हेडलाइट मागून आणले. चरफडत बॅटरीला जोडले, इंजिन चालू केलं. विभूती लावली, नारळ फोडला, आरती झाली, प्रसाद वाटून झाला — बॅटरी गार!

दिवे काढले, काटा पंधराच्या पुढे. लावले, चौदावर. हात्तिच्या! या जुन्या इंजिनात करंट आवरणारा भागच नाही. जास्तीचा सगळा बॅटरीच्या पोटात जात होता, आता दिवे खातात. मल्लम्माला म्हटलं, तुझ्या दिव्यांनी वाचवलं. तिनं सगळं श्रेय नारळाला दिलं.

२८ ऑक्टोबर

भर उन्हात दिवे लावून इंजिन चालवलं. साहेबांनी विचारलं, दिवे कशाला? सरळ सांगून टाकलं. खूश झाले. नोकरी पक्की! वर हुकूम — होडी आणि ड्रायव्हर दोन्ही नांदेडला, गोदावरीवर. तिथं पाणी आहे म्हणे. खोल.

२९ ऑक्टोबर

मल्लम्माला आज सांगितलं — मला पोहता येत नाही. तिचं माहेर मांजरा नदीच्या काठचं. म्हणाली, "ठाव हाय मला. लग्नात तुमी हिरीच्या काठाला उभं ऱ्हायला बी भेत व्हताव. चला, मी शिकवते."