वर चढवलेलं बाक

अ‍ॅगेट पॉइंट, मिनेसोटा
११ ऑक्टोबर

ती. हेल्मीआत्यास,
आर्लोचा शि. सा. न. वि. वि.

गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या प्रदर्शनात, भरल्या गावासमोर, चौदा वर्षांच्या टेसने शांतपणे सांगितलं की हे बाक आमचं नाही. त्या क्षणी माझं सगळं फिसकटलं. नीट ऐक आणि मग सांग, चूक कुणाची.

कॉलेज सोडल्यापासून मी इथल्या चार्टर शाळेच्या कार्यशाळेत मदतनीस आहे, हे तुला माहीत आहे. शाळा सरकारी पैशावर चालते, फी नाही, पण शिकवायची रीत तिची स्वतःची. नववीची मुलं एक प्रश्न घेतात आणि अख्खं सत्र त्याच्या मागे लागतात. टेसच्या गटाचा प्रश्न होता, गावातल्या ज्या म्हाताऱ्यांचा सौना, ती वाफेची अंघोळ, सुटली त्यांच्या दारात तो कसा न्यायचा? मग पोरांनी चाकांच्या गाड्यावर लाकडी खोली बांधली. भट्टी आणि तिच्यावरचे दगड अजून यायचेत, भट्टी वेल्डरकडे आहे. शेवटी गावाला बोलावून काम दाखवायचं आणि लोकांच्या प्रत्येक 'का'ला उत्तर द्यायचं. उत्तर आलं तरच काम पूर्ण.

आणि बाक कुठे लावलं होतं? गुडघ्याच्याही खाली! आत्या, सौनात पाय भट्टीवरच्या दगडांच्या वर हवेत हे आपल्या फिनिश लोकांत दूधपित्या पोरालाही कळतं. नाहीतर डोकं भाजतं आणि पावलं गारठतात. आजोबांनी असला सौना पाहिला असता तर त्यात बटाटे साठवले असते. मला राहवेना. बुधवारी शाळा सुटल्यावर एकट्यानेच बाक उखडलं, चांगलं वर ठोकलं, चढायला पायरीही केली. झक्क झालं. म्हटलं, मॅरेन बघेल. (मॅरेन म्हणजे नववीची शिक्षिका. लगेच हसू नकोस.) मग गाड्यावर ताडपत्री घातली, ती थेट पाहुण्यांसमोरच निघाली.

एका म्हाताऱ्या बोटबांधणीवाल्याने विचारलं की बाक एवढं उंच का. टेसने बाकाकडे पाहिलं, भिंतीवरच्या आपल्या आराखड्याकडे पाहिलं, आणि ते वाक्य बोलली. मग मी काय गप्प बसणार? उभा राहून मोठ्यांदा सांगितलं की मी केलंय आणि बरोबर केलंय, विचारा कुणालाही. मागच्या रांगेतले म्हातारे खो-खो हसले, माना डोलावल्या. मॅरेनने मात्र मान खाली घातली. मुलांना 'पुन्हा मांडा' असा निकाल मिळाला.

मुख्याध्यापक म्हणतात की मोठ्यांनी इथे विचारावं, दाखवावं, पण मुलांच्या कामाला हात लावू नये, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आता मला ठेवायचं की नाही ते टेसच्या गटाला विचारून ठरवणार. पोरं माझी नोकरी ठरवणार! त्याआधी मीच राजीनामा तोंडावर फेकतो. तुमच्या जहाजावर भांडी घासायला माणूस हवा असेल तर कळव.

तू संतापशील ते संताप, पण लोभात काटछाट करू नकोस, ही विनंती.

तुझा,
आर्लो

जहाजाचा मुदपाकखाना, ह्युरॉन सरोवर
१९ ऑक्टोबर

चि. आर्लोस अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

तुझं पत्र काल डाकहोडीने दोरीच्या बादलीतून वर आलं. भांडी घासायला माणूस आहे, आणि तो तुझ्यापेक्षा कमी बोलतो.

सरांशी भांडण झालं म्हणून कॉलेज सोडलं, हे तू तुझ्या बापाला सांग. मॅरेनला त्या शाळेत नोकरी लागली आणि त्याच महिन्यात तुझं सरांशी वाजलं, हे बरं जमून आलं! मी दिवसभर सूप ढवळते म्हणून माझी अक्कल काही उकळून गेलेली नाही.

बाकाच्या उंचीचं तुझं खरं आहे. पण मागच्या फेरीत काय झालं ते सांगते. आमचे दुसरे मेटसाहेब, कप्तानाच्या हाताखालचे अधिकारी, मुदपाकखान्यात आले, वाटाण्याच्या सुपाचं झाकण काढलं, चाखलं आणि मूठभर मीठ लोटून गेले. त्या घडीला सूप अळणीच होतं. खारवलेलं डुकराचं मांस मी मागाहून घालणार होते, म्हणून मीठ हातचं राखून ठेवलं होतं. मग सगळं जहाज पाणी पीत बसलं. मेटसाहेबांची जीभ चांगलीच आहे रे, फक्त त्यांनी मला विचारलं नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. बाक खाली का लावलं, असं तू त्या पोरीला विचारल्याचं मला कुठे सापडलं नाही. आधी ते विचार, मग काय फेकायचं ते फेक. आणि हेही कळव की पोरं सत्रभर लाकूड कापतात तर गणित कधी करतात? तुझा बाप मला विचारतो, आणि मी त्याला हवामान सांगते.

जेवत जा. माझी माया जहाजाबरोबर फिरते, आटत नाही.

तुझी,
हेल्मीआत्या

अ‍ॅगेट पॉइंट
२७ ऑक्टोबर

ती. हेल्मीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. टेसने गटाने घेतलेल्या एका मुलाखतीचं रेकॉर्डिंग लावलं. आपल्या निएमीबाई, टपाल कचेरीच्या मागच्या. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बाकावर चढवत नाही. तीन वर्षं अंगाला वाफ लागलेली नाही, सुनेला सांगायची लाज वाटते, म्हणून तुम्हा पोरांना सांगते, असं त्या म्हणत होत्या. सांगताना मध्येच थांबल्या. पोरांनी ते थांबणंही तसंच ठेवलंय.

बाक वर नेता येत नाही, म्हणून यांनी भट्टी खाली नेली! गाड्याच्या तळात चौकोनी खाच आहे, तिच्यात भट्टी दगडांसकट बुडते आणि दगड बसणाऱ्याच्या पावलांच्या खाली राहतात. चढायची गरजच नाही. मी ती खाच बघितली होती, आत्या. राख टाकायला असेल म्हणून तिच्यावर फळी ठेवून उभा राहिलो आणि बाक वर ठोकलं. तिसऱ्या आराखड्यात सगळं काढलेलं आहे. तो भिंतीवर, माझ्या करवतीच्या वरच लटकतोय.

गणिताचं बाबांना असं सांग. खाली लोंबणाऱ्या भट्टीने गाडा उताणा पडू नये म्हणून चाकांवरचं वजन मुलांनीच काढलं, आणि किती हवा किती लाकडात तापेल तेही. चुकलं की वर्गातली बाकीची मुलं आराखड्यासमोर उभी राहून नेमकं काय खटकतं ते सांगतात, पण टोचून बोलायची मुभा नाही. मग नवा आराखडा. कॉलेजात मी गणितं सोडवली, पण कुणाच्या खुब्यासाठी सोडवल्याचं आठवत नाही.

मॅरेनलाही बोललो. ती जुने आराखडे गुंडाळत होती. सांगून टाकलं की कॉलेज तुझ्यासाठी सोडलं. ती म्हणाली की ते ओझं माझ्या डोक्यावर ठेवू नकोस, आणि मी बघावं म्हणून काही करणं बंद कर. मग म्हणाली की गुंडाळीचं दुसरं टोक धर. धरलं.

आत्या, मला ही शाळा सोडायची नाही. मॅरेनमुळे नाही म्हणत. म्हणजे, तिच्यामुळेही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टेसचा गट ठरवणार. आधी फेकतो म्हणालो होतो ते राजीनाम्याचं पत्र मीच फाडलंय.

तुझ्या मायेवर टेकून असलेला,
आर्लो

ईरी सरोवर
४ नोव्हेंबर

चि. आर्लोस आशीर्वाद.

लाटा मोठ्या आहेत, भांडी नाचतायत, म्हणून थोडक्यात. पोरांनी काढलं तर निमूट निघ आणि ठेवलं तर निमूट राहा. दोन्ही वेळेला भाषण नको. मॅरेनबद्दल एवढंच, की नकार देणारी बाई गुंडाळीचं टोक धरायला सांगत नाही, पण याचा अर्थ लावत बसू नकोस, टोक धर. निएमीबाईंना माझा नमस्कार. बाकी माया पुढच्या बंदरात उतरवते.

हेल्मीआत्या

अ‍ॅगेट पॉइंट
१० नोव्हेंबर

ती. हेल्मीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मुलांनी मला गोल करून मध्ये बसवलं, जसा एखादा कच्चा आराखडा ठेवतात. प्रत्येकाने नेमकं सांगितलं. एकजण म्हणाला की पायरी छान झाली होती. माफी मागितली, भाषण केलं नाही. म्हटलं, मीच बाक पुन्हा खाली लावून देतो. टेस म्हणाली की नको, आम्ही लावू, नाहीतर ते परत तुमचंच होईल. मला ठेवलंय, एका अटीवर. त्यांनी बोलावलं तरच आत यायचं, आणि जेवढं मागितलं तेवढंच द्यायचं. मुख्याध्यापकांनी ती अट फळ्यावर लिहून घेतली.

भट्टी काल आली. पुढच्या गुरुवारी पुन्हा मांडणी आहे, आणि या वेळी पहिल्या रांगेत निएमीबाई बसणार आहेत. आज मुलं बाक उतरवतायत.

लोभ वाढव म्हणत नाही, आहे तेवढा पुरतो.

तुझा,
आर्लो

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मुलांनी लांब पाना मागितला म्हणून गेलो. टेस डाव्या टोकाचा स्क्रू मारत होती आणि तो तिरका चालला होता. अगदी उघड तिरका. माझा हात खिशातून अर्धा बाहेर आला. मॅरेन कोपऱ्यात मुलांवर लक्ष ठेवून उभी होती. तिच्याकडे पाहिलं नाही. पाना टेबलावर ठेवला आणि टेसला विचारलं की आणखी काही हवंय का. ती स्क्रूवरून नजर न काढता म्हणाली की नाही. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.