घाबरण्यासारखं काही नाही

१९ ऑगस्ट
उद्यापासून कॉलेज. मेडिकलला दोनदा अर्ज केला, दोनदा नकार आला. तिथल्या ॲडमिशन ऑफिसातल्या एका बाईंनी हा रस्ता सुचवला. एक वर्षाची मास्टर्स डिग्री. बसायचं मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर, लेक्चर तीच, पेपर तेच. त्यांच्या ॲव्हरेजच्या वर राहिलं की इथल्याच मेडिकल कॉलेजात इंटरव्ह्यू मिळतो. खाली राहिलं तर काय, हे मी विचारलं नाही. जे होणारच नाही ते विचारून कशाला ठेवायचं?
संकल्प : पहाटे उठणे. धावणे. धडा आधी वाचून मगच वर्गात जाणे. कॉफी बंद.
आज दोन्ही वेळा जेवण गेलं नाही. ओहायोतला उकाडा.

२० ऑगस्ट
उशिरा उठलो. पहिला दिवस धरत नाहीत. कॉफी घेतली, कारण फुकट होती.
मेडिकलवाल्यांना पांढरे कोट मिळाले. आम्हाला गळ्यात अडकवायला पिवळं कार्ड. बरंच आहे, कोट धुवावा लागतो.
रूममेट रूबेन कास्टेलानो. माझ्यासारखाच दोन नकारवाला. हा पहिल्या लेक्चरच्या आधी ओकला. नंतर तोंड धुऊन सरळ म्हणाला, "मला फार भीती वाटते रे ग्रँट. तुला?" मी म्हणालो, कसली? मग त्याला धीर दिला. असा माणूस डॉक्टर कसा होणार कोण जाणे. याच्याकडे वर्षभर लक्ष द्यावं लागेल.

४ सप्टेंबर
फिजिऑलॉजीचे डॉ. लिंडक्विस्ट नाव घेऊन प्रश्न विचारतात. आज माझं नाव घेतलं. "स्टॅन्को! माणूस घाबरला की शरीरात काय काय होतं?"
उत्तर मला येत होतं. शब्दन् शब्द येत होता. पण आवाज बाहेर पडेना. जीभ टाळूला चिकटून बसली. तळहात ओले. सगळा वर्ग मागे वळून बघतोय.
लिंडक्विस्टनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि वर्गाला म्हणाले, "बघून घ्या. तोंड कोरडं, घाम, चेहरा पांढरा, बुबुळं मोठी. धन्यवाद स्टॅन्को, बस खाली."
सगळे हसले. म्हणजे उत्तर पूर्ण बरोबर होतं. मी फक्त ते तोंडी दिलं नाही.

२२ सप्टेंबर
पहिला पेपर. ॲव्हरेजच्या खाली. खुर्ची डुगडुगत होती, शिवाय शेजारची मुलगी पेन वाजवत होती. रूबेन सकाळी ओकला आणि ॲव्हरेजच्या वर गेला. नशीब.
नवा संकल्प : खुर्ची आधी तपासणे.

१६ ऑक्टोबर
दुसरा पेपर. खुर्ची उत्तम. मार्क तेवढेच.
सल्लागार डॉ. विटकोम यांनी बोलावलं. साठीच्या बाई, टेबलावर मिंटच्या गोळ्यांचा वाडगा. मला वाटलं वेळापत्रकाबद्दल बोलतील. त्या म्हणाल्या, "झोप लागते का रे?"
"उत्तम लागते," मी म्हणालो.
"घाबरतोस का?"
"छे."
"मी घाबरायचे," त्या म्हणाल्या. "जिन्यात बसून रडायचे. शेवटी एकीला सांगितलं, मग जरा अभ्यास डोक्यात शिरायला लागला."
बिचाऱ्या. एवढ्या वयाच्या बाईला असं काही कबूल करावं लागतं. मी विषय बदलला. गोळी घेतली. ती खिशातून काढताना कळलं की मूठभर घेतल्यात.

२८ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंगच्या सणाला यंग्सटाऊनला घरी. आईचं केस कापायचं दुकान आहे. तिथे येणाऱ्या प्रत्येक बाईला तिने सांगून ठेवलंय की आमचा ग्रँट डॉक्टर झाल्यातच जमा. तिच्या आग्रहाने शेजारच्या मिसेस पेट्राकिसही जेवायला होत्या. टर्की कापायच्या आधीच त्यांनी हात पुढे केला. "डॉक्टर, माझ्या छातीत हल्ली फडफडतं. नाडी बघ जरा."
सगळे थांबले. आईने हातातला चमचासुद्धा खाली ठेवला.
मी मनगट धरलं, घड्याळ लावलं. एकशे चाळीस! शांतपणे सांगितलं की ताबडतोब हॉस्पिटल. मिसेस पेट्राकिस रडायला लागल्या. आईने गाडी काढली. टर्की तशीच राहिली.
हॉस्पिटलमध्ये बहात्तर भरली. हृदय ठणठणीत. फडफड पित्ताची.
परत येताना आईने सहज विचारलं, "मग ती एकशे चाळीस कुणाची होती रे?"
पुस्तकात पाहिलं. नाडी अंगठ्याने बघायची नसते, अंगठ्यात आपलीच लागते. असो. बाई ठणठणीत निघाल्या हे महत्त्वाचं.

१९ डिसेंबर
सेमिस्टर संपलं. ॲव्हरेजच्या खाली, पण फार खाली नाही. पुढच्या सेमिस्टरमध्ये सगळं भरून काढता येईल. हिशोब करून पाहिला : प्रत्येक पेपरात वर्गात पहिला आलो तर जमतं. म्हणजे जमतंच.

२४ जानेवारी
आज पेशंटशी बोलायचा तास. पेशंट खरे नसतात, कॉलेजने ठेवलेले नट असतात. ते दुखण्याचं सोंग करतात, आपण विचारपूस करायची. तास घेणाऱ्या मिसेस ॲबर्नाथी काचेमागून मार्क देतात.
माझी पेशंट एक म्हातारी, मिसेस गिलक्रिस्ट. पोट धरून वाकून बसलेली. आत गेल्यावर हात धुवायचे असतात. धुतले. मग काय बोलायचं ते आठवेना, म्हणून पुन्हा धुतले. मग पुन्हा. पाणी चालू ठेवलं की विचार चांगला होतो.
बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "बाळा, इकडे ये. बस." म्हातारीने पोट सोडलं होतं. तिने मला खुर्चीत बसवलं, स्वतःचा पाण्याचा पेला दिला, पाठीवरून हात फिरवला. तिला सोंग शेवटपर्यंत टिकवता आलं नाही, याचे तिचे मार्क गेले असणार.
मला मिळालेला शेरा : स्वच्छता उत्तम.

८ मार्च
लायब्ररीत जाऊन बसलो. पुस्तक उघडलं. एक ओळ वाचली, ती कळली, म्हणून पुन्हा वाचली. संध्याकाळपर्यंत तीच ओळ. पाया पक्का होतोय.
रूबेन रोज विचारतो, "बरोबर अभ्यास करू या का?" त्याला आधाराची गरज आहे हे दिसतं. पण मीच सारखा हात धरून बसलो तर तो शिकणार कधी? नाही म्हणालो.

११ मे
निकाल. रूबेनला इंटरव्ह्यू मिळाला, म्हणजे प्रवेश मिळाल्यातच जमा. मला नाही. डॉ. विटकोम यांनी स्वतः सांगितलं, दार लावून घेऊन. "पुन्हा अर्ज करू नकोस असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, "पण आधी कुणाशी तरी बोल." मी म्हणालो, आत्ता तुमच्याशीच बोलतोय की.
खोलीवर आलो तर रूबेन रडत होता. आनंदाने असेल म्हणून पाठ थोपटली. तो म्हणाला, "गाढवा, तुझ्यासाठी रडतोय." मी म्हणालो, माझं पुढच्या वर्षी होईल, तू नाक पूस.
आईला फोन केला. जरा पुढे गेलंय, म्हणालो. मागे केस वाळवायचं मशीन चालू होतं, ते तिने बंद केलं. म्हणाली, "डॉक्टर नको मला. तू घरी ये." लाइन खराब आहे म्हणून फोन ठेवला. लाइन चांगली होती. हे कशाला लिहिलं?

२ जून
माझी मेडिकल कॉलेजात निवड झाली!
मिसेस ॲबर्नाथींचा फोन. पेशंटच्या कामासाठी तरुण माणूस हवाय त्यांना. जानेवारीत काचेमागून मला पाहिलं तेव्हापासून डोक्यात होतं म्हणाल्या. "असा चेहरा शिकवून येत नाही." अभिनय आमच्या घरात आहेच. आजोबा चर्चच्या नाटकात असायचे.
आईला सांगितलं : मेडिकल कॉलेजात, थेट पेशंटच्या विभागात. शब्दन् शब्द खरा. ती म्हणाली, "बरं. जेवतोस ना?"

१७ सप्टेंबर
पहिला दिवस. भूमिकेचा कागद मिळाला. वय सव्वीस. छातीत धडधड. तपासण्या नॉर्मल. घाबरलेला आहे, पण विचारल्यास नाही म्हणतो. मी विचारलं, तालीम कधी? मिसेस ॲबर्नाथी म्हणाल्या, "तुला नको."
पहिला विद्यार्थी आत आला तो रूबेन. पांढरा कोट. तोंडाला टूथपेस्टचा वास, म्हणजे आत्ताच ओकून आला होता. ओळख दाखवायची नाही असा नियम आहे. त्याने हात धुतले, एकदाच, आणि खुर्ची ओढून समोर बसला.
"तुम्हाला भीती वाटते का?"
"नाही," मी म्हणालो. कागदाप्रमाणे.
तो पुढचा प्रश्न विचारेना. "ठीक आहे," म्हणाला. "मी बसलोय. मला घाई नाही."
आणि खरंच बसून राहिला. माझ्याकडे बघत, हात मांडीवर ठेवून. कागदावर पुढे काही लिहिलेलं नव्हतं. मला इतकं रडू आलं की उचकी लागली. वाटते, म्हणालो. फार वाटते. सगळ्याचीच वाटते. गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून वाटते. त्याने माझं मनगट धरलं, अंगठ्याने नाही, बोटांनी, आणि घंटा होईपर्यंत सोडलं नाही.
त्याला पूर्ण मार्क मिळाले.
नंतर मिसेस ॲबर्नाथी आत आल्या. म्हणाल्या, "छान झालं. पण रडणं कागदावर नव्हतं. प्रत्येक विद्यार्थ्याला सारखाच पेशंट मिळायला हवा, नाहीतर अन्याय होतो. आता एक तर सगळ्यांसमोर रड, नाहीतर कुणासमोरच नको."
दुपारी आणखी सहा जण होते. सगळ्यांसमोर रडलो. काही जड गेलं नाही.