नको असलेला आवाज

सोमवार
आले: मनगटाचा पट्टा एक, चार्जर एक, माहितीपुस्तिका एक. खर्च: काही नाही. पट्टा रंगाने पांढरा. मळेल.
भाचा थीम पार्कसाठी बोलते पट्टे बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. पट्ट्याला विचारायचं, रांग किती, पाणी कुठे, माझी माणसं कुठे, तो सांगतो. पण पाळण्यांची घरघर आणि लोकांच्या किंकाळ्या यांत त्याला काही ऐकू येत नव्हतं, आता येतं म्हणे. तेच बघायला एकेका कुटुंबाला चाचणीला दिलाय. रविवारी सगळ्यांना पार्क फुकट.
मी घरातली मोठी. पट्टा माझाच. तर धाकटी जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, तुम्हाला पट्टा कशाला? तुमचा आवाज तसाही पलीकडच्या गल्लीत पोचतो."
सगळे हसले. हेही हसले. वर ह्यांनी न्याय केला, रविवारी सकाळी पट्टा मी घालायचा, दुपारी तिने.
देवापुढे दिवा लावला. म्हटलं, देवा, तूच बघून घे. तुला सवड नसेल तर मी बघते.

मंगळवार
पुस्तिका स्वतः वाचली. मॅट्रिक उगाच नाही झाले. पान चार: "नको असलेला आवाज नोंदवण्यासाठी हिरवं बटण दाबून धरा. पट्टा तो आवाज कायमचा गाळून टाकेल."
दोनदा वाचलं. देवाला सवड होती.
या घरात नको असलेला आवाज कोणता, हे मला कंपनीने शिकवायला नको. रविवारी दुपारी ती पट्ट्याला विचारत बसेल नि पट्टा ढिम्म. मी बाकावर बसून बघेन. डबा घरूनच नेणार.

बुधवार
जाऊ इस्त्री मागायला आली. पदराआड बटण दाबलं. ती म्हणाली, "ताई, इस्त्री देता का?" एवढंच. मग मागच्या वेळी इस्त्री कशी परत आली होती ते मी तिला समजावून सांगितलं. वायर, तळ, डाग, सगळं. ती गेल्यावर बटण सोडलं. नोंद भरपूर झाली असावी.

गुरुवार
आज तिला बोलतं करायचंच ठरवलं होतं. बटण दाबून तिच्या लग्नापासून सुरुवात केली. ती भाजी निवडत नुसती "हो ताई" म्हणत राहिली. आतल्या गाठीची. अंगठा दुखला. तेल लावलं.

शुक्रवार
पट्ट्याला वेळ विचारली. म्हणाला, "पुन्हा बोला." पुन्हा बोलले. "पुन्हा बोला." पांढऱ्या वस्तू नाजूकच असतात.
भाच्याचा फोन. मावशी, मिक्सरचा आवाज नोंदवलास का, कुकरच्या शिट्ट्या? मी म्हटलं, मिक्सर मला हवा आहे, तो कशाला गाळू? तो म्हणाला, अगं, आवाज म्हणजे... त्याचं बिल वाढू नये म्हणून मी फोन ठेवला.

रविवार, रात्री
सकाळची पाळी माझी. पट्ट्याला विचारलं, रांग किती? गप्प. मोठ्याने विचारलं. गप्प. जाऊ शेजारून पुटपुटली, "पाणी कुठे आहे?" तर मेला लगेच म्हणतो, "डावीकडे, कारंज्यामागे." फितूर.
पट्ट्यासकट तरातरा निघाले. मागे वळून पाहिलं तर आपलं एकही माणूस नाही. डोक्यावर पाळणा गरगरतोय, वर माणसं किंचाळतायत. फोन ह्यांच्या पिशवीत. सगळी अनोळखी तोंडं. पट्टा तोंडाशी धरून ओरडले, माझी माणसं कुठे?
पट्टा म्हणाला, "इथे शांतता आहे. आपण बोलू शकता."
मग मात्र मी बोलले. जावेसाठी राखून ठेवलेलं सगळं त्याला ऐकवलं. लोक रांग सोडून बघायला लागले. तेवढ्यात गर्दीतून जाऊ धावत आली. तिची एक चप्पल तुटलेली. म्हणाली, "पाळण्यापलीकडून ऐकू आलं. म्हटलं, चला, ताई सापडल्या."
तिने हात धरला. मीही सोडला नाही. गर्दी होती.

सोमवार
भाच्याने पट्टा संगणकाला लावून ऐकला. जाऊ नेमकी तिथेच उभी. तो म्हणाला, "मावशी, यात हिची दोन-चार वाक्यं आहेत. बाकी सगळी तूच. पट्ट्याने तुला गोंगाट म्हणून गाळलंय."
आवाज म्हणजे गोंगाट, हे पुस्तिकेत नीट लिहायला काय झालं होतं?
जाऊ म्हणाली, "ताई, मला गाळायला बसलात आणि स्वतःच गळालात होय?" हे हसले. नोंद केली आहे. दोघांचीही.
दुपारी इस्त्री मागितली नसताना तिला नेऊन दिली. वायर नीट गुंडाळून. तिने चप्पल शिवून आणली होती, त्याचे पैसे मी देत होते तर घेईना. तेही लक्षात ठेवले आहे.
कंपनीला पत्र टाकायचे. मजकूर: "पान चारवर आवाज खोडून गोंगाट छापावे. माझा आवाज पट्ट्यात परत घालावा. जावेचा गळाला असल्यास तोही घालावा, थोडा बारीक करून. जमेल की नाही, ते उलट टपाली कळवावे."