सहीची शेपटी

४ मार्च
दावा थांबवला! बँकेच्या मॅनेजरने बाबांची खोटी सही ठोकून कुणाच्यातरी कर्जाला आमचं घर तारण लावलं, बँकेने घराला कुलूप घातलं, आणि आता कोर्ट म्हणतं — मॅनेजरवरचा फौजदारी खटला संपेपर्यंत बँकेवरचा आमचा दावा स्थगित. तोवर दादाच्या दोन खोल्यांत आम्ही पाचजण. "चारपाच वर्षं धरून चाला," बँकेचा वकील जाताजाता म्हणाला. बाबा एक्याऐंशीचे आहेत. त्या वकिलाची बाही धरून ओढावीशी वाटली.

९ मार्च
आमच्या वकीलबाई म्हणाल्या, स्थगितीवर अपील करू, तुमचे बाबाच तुमचा पुरावा. खरंय. बाबांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, सही केली ती फक्त बँकेत. आणि त्यांच्या सहीचं जुनं कार्ड म्हणे बँकेला सापडत नाही! बरं सोयीचं हरवलं. म्हणजे बाबांनीच कोर्टात सही करून दाखवायची, हात चालतोय तोवर.

१० मार्च
खोट्या सहीची झेरॉक्स बाबांना दिली. म्हटलं, नीट बघून ठेवा, फरक विचारतील. बघताक्षणी म्हणाले, "शेपटी खाली गेलीय. माझी वर जाते." नजर अजून शाबूत आहे.

२ एप्रिल
वहिनीची कुरकुर — बाबा दिवसभर वहीत खरडतात, जेवायला हाका माराव्या लागतात. म्हटलं, खरडू दे. हात चालता राहील.

२८ मे
बाबांनी आज मला "ताई" म्हणून हाक मारली. त्यांची ताई जाऊन तीस वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही. वकीलबाईंनाही नाही.

१९ जून
स्थगिती उठली! न्यायाधीश म्हणाले, या वयाच्या माणसाला थांबा म्हणता येत नाही. दादा कोर्टाच्या जिन्यातच मटकन बसला आणि रडला. मीही. पुढच्या गुरुवारी बाबांची सही.

२६ जून
बाबांनी कोर्टात दहा सह्या केल्या. हात एकदाही थरथरला नाही. दहाही वेळा शेपटी खाली.
बँकेचा वकील पेन खिशाला लावून बसून राहिला.
घरी येऊन वही उघडली. पानोपानी झेरॉक्सवरचीच सही, गिरवून गिरवून घोटलेली. परकं अक्षर समजून घ्यायचं तर आधी गिरवायचं — पाट्या रंगवणारे असंच शिकतात. लहानपणी मलाही त्यांनी असंच शिकवलं होतं. आणि झेरॉक्स मीच दिली.
येताना रिक्षात बाबा विचारत होते, "जमली ना गं?"
"जमली, बाबा."